नाव तेवढं विचारून ये

कोविलपट्टी
९ फेब्रुवारी १९८६, रविवार

चोक्कू अत्तान,

आधी घरची खबर देते, नाहीतर मामाला काय झालं म्हणून तू पत्र अर्धवट टाकून स्टेशनवर पळशील. अप्पांची उजवी बाजू गेली आहे. बोलतात, पण ते फक्त अम्माला कळतं. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत उठून बसतील. तुझी आई रोज सकाळी इडल्यांचा डबा घेऊन येते आणि अप्पांच्या उशाशी बसून तुझ्या नावाने खडे फोडते. आत्याचं म्हणणं असं, की अत्तान, म्हणजे आतेभाऊ, हा हक्काचा नवरा; सात वर्षांपूर्वी तू सिनेमाच्या नादाने मद्रासला पळाला नसतास आणि हक्काच्या मामेबहिणीच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात ताली बांधली असतीस, तर आज या घरात एक धडधाकट पुरुष असता. मी मान हलवते. तू मला नको म्हणालास त्या दिवशी मी मुरुगनला नारळ फोडला होता, हे तिला कशाला सांगू.

आता खरं काम. हे पत्र लॉजवरच्या तुझ्या टोळभैरवांसमोर मोठ्याने वाचू नकोस.

गुरुवारी मद्रासला तार आली आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. ऑफिसात सांगितलं, हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना सांगितलं. एका माणसाला सांगायचं राहिलं. सांगणार तरी कसं, मला त्याचं नावच माहीत नाही. हस, हस.

दर रविवारी मी पॅरीज कॉर्नरच्या तार ऑफिसात घरी ट्रंक कॉल लावायला जायचे ते तुला ठाऊक आहे. नंबर लिहून द्यायचा आणि बाकड्यावर बसायचं, कधी तास, कधी दोन तास. लाइन लागली की कारकून गावाचं नाव ओरडतो. "कोविलपट्टी, बूथ तीन." तसाच एक जण 'आंबूर' होता. चामड्याच्या कंपनीत पत्रव्यवहार बघतो. उंच, सावळा, डाव्या भुवईत जखमेची खूण. दहा महिने आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारली. नाव त्याने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याकडे नाव सांगितलं की बापाचं नाव निघतं, मग गल्ली निघते, मग कुठले लोक ते निघतं. बाकड्यावर आम्ही नुसती दोन गावं होतो आणि मला ते फार बरं वाटायचं.

मागच्या रविवारी तो म्हणाला, पुढच्या रविवारी नावं सांगू. तो पुढचा रविवार म्हणजे आज. मी इथे अप्पांचे पाय चोळते आहे आणि तो तिथे बसला असेल.

येत्या रविवारी तू जा. दहा ते एक तो तिथेच असतो. अप्पांचं त्याला सांग. मी मुद्दाम आले नाही असं त्याला वाटायला नको. आणि नाव तेवढं विचारून ये. पत्ता दिला तर पत्ता. मग पुढे काय करायचं ते माझं मी बघेन. तू जास्त काही बोलू नकोस, तुला तोंड आवरत नाही.

वडिवू

---

मद्रास
१८ फेब्रुवारी १९८६

वडिवू,

मामाचं कळलं. आईला म्हणावं, इडल्या दे पण माझं पुराण बंद कर, आजारी माणसाला त्रास होतो.

रविवारी गेलो होतो. दहापासून दीडपर्यंत बसलो. बाकड्यांवर मुंगीला जागा नाही अशी गर्दी. मदुरै ओरडलं, सेलम ओरडलं, आंबूर काही कुणी ओरडलं नाही. पण एका रविवारावरून काय ठरतं. पुढच्या रविवारी परत जातो. मात्र 'उंच, सावळा' एवढ्यावर मी मद्रासमध्ये कुणाला शोधू? तो बोलतो कसा, पहिल्यांदा काय म्हणाला, तुम्ही भांडलात का, कशावरून हसलात, सगळं सविस्तर लिही. म्हणजे दोन वाक्यं बोललो की मी त्याला ओळखेन.

माझं विचारशील तर, आमच्या डायरेक्टर कार्मेगम सारांच्या नव्या सिनेमाची गोष्ट जमवतोय. सहा आठवडे झाले. लॉजची एक खोली, दोन चटया, आम्ही सात असिस्टंट आणि मध्ये सार आडवे पडलेले. रोज एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिची चिरफाड करायची, याला म्हणतात डिस्कशन. मारामाऱ्या सांगून झाल्या, जत्रेत हरवलेले भाऊ सांगून झाले. सार म्हणतात, साधं काहीतरी आणा, रस्त्यात भेटणारी माणसं आणा. माझी पाळी आली तेव्हा मी अर्ध्यावर असतानाच सार घोरायला लागले. सात वर्षं झाली, वडिवू. आता या वेळी नाही जमलं तर मी गावी येऊन काडेपेट्यांच्या कारखान्यात बसेन.

लवकर लिही.

चोक्कू

---

कोविलपट्टी
२१ फेब्रुवारी १९८६

अत्तान,

आम्ही कशावरून हसलो त्यावरून तू त्याला कसा ओळखणार, हे मला कळलेलं नाही. पण तू माझ्यासाठी चार तास बसलास म्हणून लिहिते.

त्याची आई बहिरी आहे. तो बूथमध्ये शिरला की सगळं तार ऑफिस गप्प बसून ऐकतं. "अम्मा, जेवलो. जे-व-लो. नाही, पडलो नाही, जेवलो." पहिल्यांदा मी पदर तोंडात धरून हसत होते आणि बाहेर येऊन तो नेमका माझ्याच शेजारी बसला. मग माझा नंबर लागला. मी नेहमीप्रमाणे अम्माला सांगितलं की रोज रात्री दूध पिते, वजन वाढलंय. बाहेर आले तर म्हणतो, "कोविलपट्टी, दूध देणारं हॉस्टेल कुठलं ते आम्हालाही कळू द्या." मी चिडले. चोरून ऐकता का म्हटलं. तो म्हणाला, "माझं सगळ्यांनी ऐकलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तेव्हापासून. दार कितीही घट्ट लावलं तरी बूथमधलं सगळं ऐकू येतं, अत्तान. त्याच्या बहिणीला मुलगी झाली ते मला त्याच्या घरच्यांबरोबरच कळलं. अप्पांना बरं वाटत नाही हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याने माझ्या आवाजावरून ओळखलं. एकदाच भांडलो. आईशी बोलताना तुम्ही फार तोडून बोलता, असं म्हणाला. दोन रविवार मी दुसऱ्या बाकड्यावर बसले. तिसऱ्या रविवारी त्याने कारकुनाला सांगून माझं गाव आधी ओरडायला लावलं, म्हणून मला हसू आलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहीत नाही. ती माझ्यापाशी राहू दे.

अप्पा काल दोन घास स्वतःच्या हाताने जेवले. येत्या रविवारी जाशील ना?

वडिवू

---

मद्रास
१२ मार्च १९८६

वडिवू,

उशीर झाला, रागावू नकोस. काय लिहू तेच सुचत नव्हतं.

मी तीन रविवार गेलो. २३ तारखेला, दोन तारखेला आणि नऊ तारखेला. कारकुनालाही विचारलं. आंबूरचा माणूस येत नाही म्हणाला. दहा महिने दर रविवारी फोनला येणारा माणूस एकदम बंद होतो याचा अर्थ काय, ते तुझं तूच समज. मोठं शहर आहे. इथे माणसं बाकड्यावर भेटतात आणि बाकड्यावरच राहतात. कदाचित नावं सांगायची वेळ आली म्हणूनच तो घाबरला असेल. तू हुशार आहेस, मामाकडे बघ, मन घट्ट कर.

एक मात्र कर. त्या शेवटच्या रविवारी तुमचं नेमकं काय बोलणं झालं ते एकदा लिहून काढ. लिहिलं की माणूस मोकळा होतो. मी काय, ऐकायला आहेच.

माझं बरं चाललंय. मी सांगितलेली एक गोष्ट सारांना पसंत पडली. उठून बसून ऐकली त्यांनी. टायटलमध्ये 'कथा' म्हणून माझं नाव घालतो म्हणालेत.

चोक्कू

---

कोविलपट्टी
२० मार्च १९८६

अत्तान,

तुझं नाव पडद्यावर येणार हे आत्याला वाचून दाखवलं. दहा मिनिटं ती तुला शिव्या द्यायची विसरली.

मी ठीक आहे. खोटं कशाला बोलू, ठीक नाही. पण तीन रविवार तू गेलास आणि तो आला नाही, यापुढे मी काय बोलणार. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. अप्पांना या अवस्थेत टाकून मद्रासला धावले असते.

शेवटचा रविवार विचारलास. त्या दिवशी कुठलीच लाइन लागत नव्हती. वादळाने दक्षिणेकडच्या तारा पडल्या होत्या. कारकुनाने सांगितलं, आज काही होणार नाही, घरी जा. सगळे गेले. आम्ही दोघं बसून राहिलो. फोन लागणार नव्हता, तरी उठावंसं वाटेना. दीड तासाने तो म्हणाला, "आपण आज कशाला बसलोय?" मी म्हटलं, "मला काय विचारता?" मग म्हणाला, "पुढच्या रविवारी नावं सांगू. नावामागून जे काय येईल ते येऊ दे." बस. एवढंच. त्या माणसाला भीती वाटली असेल असं मला आजही वाटत नाही. पण मला काय वाटतं त्याला आता काय अर्थ.

तेनकाशीचं एक स्थळ आलंय. तंगवेल नाव. वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर. अप्पांना बघायला आला तेव्हा त्यांची उशी त्याने स्वतः सरळ केली. मी हो म्हटलं आहे. साखरपुडा चित्रै महिन्यात, लग्न पुढच्या वैकासीत.

आणि तुला यावं लागेल. रीत तुला ठाऊक आहे. आतेभावाने साखरपुड्याच्या भर मांडवात तांबूल घेऊन 'माझा हक्क मी सोडला, मुलगी खुशाल द्या' असं म्हटल्याशिवाय आपल्याकडे मुलगी बाहेर देत नाहीत. आत्या म्हणते, तुझ्या जागी नुसता रिकामा पाट मांडून ती भागवून घेणार नाही, तूच हवास. दोन दिवसांची सुट्टी काढ.

वडिवू

---

मद्रास
१ एप्रिल १९८६

वडिवू,

येतो. तांबूल घेईन आणि म्हणायचं ते म्हणेन.

चांगलं केलंस. मामा सुखी होईल. तंगवेलबद्दल मी इथल्या तेनकाशीच्या एका माणसाकडे चौकशी केली, सगळे चांगलंच बोलतात म्हणाला. तू सुखात राहशील असं मला मनापासून वाटतं, हे मात्र खरं मान. लहानपणापासून माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या, तू नेहमी सांभाळून घेतलंस.

शूटिंग आवणी महिन्यात सुरू होईल. त्या आधी सगळं लिहून व्हायला हवं, म्हणून साखरपुड्याला एकच दिवस येईन. लग्नाला यायचं बघतो, नक्की सांगत नाही.

चोक्कू

---

तेनकाशी
२२ फेब्रुवारी १९८७, रविवार

चोक्कू,

पोंगलला लागलेला तुमचा सिनेमा काल आमच्याकडे आला. आम्ही दोघं आज मॅटिनीला गेलो. हे म्हणाले, तुझ्या आतेभावाचा सिनेमा आहे, पहिल्या रविवारीच बघू. शेजारच्या चार बायकांनाही मी मोठ्या तोऱ्याने घेऊन गेले होते. टायटलमध्ये तुझं नाव शोधत होते. 'कथा' म्हणून कार्मेगम सारांचं नाव आलं, मग सात सहाय्यकांची पाटी आली आणि भर्रकन गेली. मला वाईट वाटलं. तुझ्यासाठी वाईट वाटलं, बघ.

मग तार ऑफिस आलं.

कारकून "वेलूर, बूथ दोन" म्हणून ओरडला तेव्हा मी हसले. त्याची बहिरी आई आली, "पडलो नाही, जेवलो" आलं, आणि सगळं थेटर खो खो हसत असताना मी हसायची थांबले. दूध आलं. दोन रविवारचं भांडण आलं. पडलेल्या तारा आल्या. "आपण आज कशाला बसलोय" हे त्या हिरोने म्हटलं आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तुला लिहिलेली पत्रं, चोक्कू. अप्पांच्या खाटेशी बसून लिहिलेली. तू मला सविस्तर लिही, सविस्तर लिही म्हणत होतास ते यासाठी. तरी इंटरव्हलपर्यंत मी स्वतःला समजावत होते, की बिचाऱ्याची सात वर्षं वाया जात होती, घेतली असेल गोष्ट. येईल तेव्हा कान उपटीन.

पण शेवट बघितला आणि मग मला समजावता येईना.

मुलगी येत नाही. तिचा भाऊ जातो. हिरो बाकड्यावर बसलेला असतो. तो मूठ उघडतो आणि तळहातावर लिहिलेलं वाचतो. "वडील कसे आहेत. मी दर रविवारी येतो. माझं नाव रवी. मी तिच्या गावी येऊ का." भाऊ म्हणतो, तिचं लग्न ठरलं. वडिलांसाठी तो खोटं बोलतो, म्हणून थेटरात त्याला टाळ्या पडतात. ह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

फोनची तीन मिनिटं लगेच संपतात, म्हणून आईशी काय काय बोलायचं ते आंबूर निळ्या शाईने तळहातावर लिहून आणायचा. मी लिहीत नाही म्हटलं होतं ती गोष्ट हीच. मी ती तुला सांगितली नव्हती, अम्माला नव्हती, हॉस्टेलमध्ये कुणाला नव्हती. तो हात बघितल्याशिवाय ते कुणाला सुचणार नाही.

म्हणजे तो आला होता. तू त्याला भेटलास. तुझ्यासमोर त्याने मूठ उघडली. आणि 'मोठं शहर आहे' असं मला लिहून तू गावी आलास, मांडवात बसलास, अप्पांनी लुळ्या हाताने दिलेलं तांबूल आणि नेसायची वेष्टी घेतलीस आणि शंभर माणसांत म्हणालास, मुलगी खुशाल द्या. तुला मी भाऊ म्हणायचं की काय म्हणायचं ते मला सुचत नाही. परक्या माणसाने माझं इतकं वाईट केलं नसतं, त्याला माझं इतकं माहीतच नसतं.

काय झालं ते सगळं लिही. कारणं लिहू नकोस. आणि त्याच्या हातावर जे नाव होतं ते लिही. रवी नसणार. रवी हे सिनेमातलं नाव वाटतं. मी कुठे जाणार नाही, कुणाला शोधणार नाही. माझं लग्न झालंय आणि हे चांगले आहेत. मला नुसतं नाव हवंय. ते माझ्यासाठी लिहिलेलं होतं.

वडिवू

---

मद्रास
५ मार्च १९८७

वडिवू,

आठ दिवस झाले, रोज लिहायला बसतो. आता जसं येईल तसं लिहितो.

पहिल्या रविवारी मी गेलोच नव्हतो. डिस्कशन होतं. तुला खोटं लिहिलं. २३ तारखेला गेलो. मला ओळखावं लागलंच नाही, बाकड्यावर तो एकटाच दर मिनिटाला दाराकडे बघत होता. मामाचं सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, "मला वाटलं तिने विचार बदलला." आम्ही चहा प्यायलो. दोन तास तो तुझ्याबद्दल बोलत होता. मी नाव विचारलं तर म्हणाला, पुढच्या रविवारी नीट लिहून आणतो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

दुसऱ्या दिवशी डिस्कशनमध्ये माझी पाळी होती. मी सांगितलं. तुझं म्हणून नाही, एक मुलगी म्हणून. सार उठून बसले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. तुझी पत्रं बघून मी वाक्यं सांगत गेलो आणि ते म्हणत गेले, पुढे, पुढे. मग म्हणाले, "ही मुलगी आता यायची नाही. ती आली तर सिनेमा संपला." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तिथे बसलं की ती गोष्ट होते, वडिवू, त्यात आपलं माणूस आहे हे लक्षात राहत नाही. लक्षात राहत नाही हे खोटं आहे. मला राहिलं होतं.

दोन मार्चला त्याने मूठ उघडली. गावी येऊ का म्हणाला. बॅगही बरोबर आणली होती, मी हो म्हटलं असतं तर तो तिथूनच जाऊन गाडीत बसला असता. मी म्हटलं, तिचं लग्न ठरलं. तेव्हा तुझं काहीच ठरलेलं नव्हतं. मामासाठी बोललो असं मी नंतर वर्षभर स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. समोरच्या बाकड्यावर सार बसले होते. असं ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हात कुठे जातात, ते त्यांना बघायचं होतं. मीच त्यांना घेऊन गेलो होतो. त्याने रुमालाला हात पुसला आणि "वडिलांची काळजी घ्या म्हणावं" एवढं म्हणून उठला. सार टॅक्सीत म्हणाले, रुमाल ठेवायचा.

आता नाव.

त्याने सांगितलं होतं. मी वहीत लिहिलं होतं. त्यानंतरच्या पहिल्याच डिस्कशनमध्ये सार म्हणाले, हे नाव नको, नाव ऐकलं की लोक म्हणतील हा कुठल्या लोकांतला, निम्मं थेटर उठून जाईल. सगळ्यांना चालेल असं ठेवा. रवी ठेवलं. मग सहा महिने आम्ही सगळे रवी, रवी करत राहिलो. वही सारांकडे जमा झाली, सिनेमा झाल्यावर सगळे कागद रद्दीत जातात. मी आठ दिवस आठवतोय. त्याची भुवई आठवते, त्याचा आवाज आठवतो, तो बोलला ते सगळं पाठ आहे. नाव आठवलं की रवीच येतं. तू म्हणशील मी अजून लपवतोय. आईशप्पथ नाही. तार ऑफिसातही जाऊन आलो. आता चौकाचौकात थेट नंबर फिरवायचे फोन आलेत, बाकडी रिकामी आहेत. कारकून बदललाय.

सारांनी 'कथा' का दिली नाही ते मी विचारलं. म्हणाले, डिस्कशनमध्ये सांगितलेलं कुणा एकाचं नसतं.

मला शिव्या घाल. पण पत्र टाकत जा.

चोक्कू

---

तेनकाशी
१६ मार्च १९८७

चोक्कू,

तुझं पत्र पोचलं. आठवत नाही हे मी मानते. खोटं बोलायचं असतं तर तू एखादं नाव देऊन टाकलं असतंस, आणि मी ते घेतलंही असतं.

तीन दिवस मी ते पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. मग वाटलं, हे माणूस बरं आहे, यांच्याशी आयुष्य काढायचं आहे, तर यांच्यापासून कशाला लपवू. काय होईल ते होईल. नाव नाही तर नाही, गोष्ट तरी माझी मी एकदा तोंडाने सांगेन.

काल दुपारी जेवणं झाल्यावर हे शेजाऱ्यांचा पंखा उघडून बसले होते. मी समोर बसले आणि सांगायला लागले. म्हटलं, मद्रासला असताना मी दर रविवारी ट्रंक कॉल लावायला जायचे. तिथे आंबूरचा एक जण यायचा. त्याची आई बहिरी होती. हे पंख्यातून मान वर न काढता ऐकत होते. मग हळूहळू हसायला लागले. म्हणाले, "सिनेमात वेलूर होतं ना?"

मी म्हटलं, सिनेमातलं नाही, माझं सांगतेय. माझ्या बाबतीत झालंय.

"आणि मग मुलीचा भाऊ येतो," हे म्हणाले. "तो हात दाखवतो, तिथे मला रडू आलं होतं."

मी परत म्हटलं, अहो, ती मुलगी मी आहे. त्यांनी पाना खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खूप मायेने. म्हणाले, "अगं, इतका मनाला लावून घेतलास? बघणाऱ्या सगळ्या बायकांना तसंच वाटलं असणार, म्हणून तर आठ आठवडे चाललाय. परत लागला की जाऊ आपण." मग मला स्क्रू धरायला सांगितले. मी धरले.

त्या माणसाला तू घालवलंस. त्याचं नाव घालवलंस. ते मी रडून-भेकून कधीतरी सोसलं असतं, बायका सोसतात. पण जे झालं ते झालं होतं एवढं तरी माझ्याकडे राहायला हवं होतं. उद्या मी अम्माला सांगितलं, आत्याला सांगितलं, मुलगी झाली आणि तिला सांगितलं, तरी सगळे हेच म्हणतील. तुमच्या सिनेमाने मला माझ्याच गोष्टीत खोटी ठरवलं. याला चोरी म्हणतात की आणखी काही, ते तुझ्या सारांना विचार.

आडीच्या महिन्यात आत्या तुला घेऊन आमच्याकडे यायचं म्हणते आहे. तू येऊ नकोस. यापुढे कधीच येऊ नकोस. हे विचारतील तेव्हा मी सांगेन, की त्याला सिनेमातून वेळ मिळत नाही. ते त्यांना लगेच खरं वाटेल.

वडिवू